तेल पिणारी बंदूक



पुण्याहून मुंबईच्या जुन्या रस्त्याने निघालात की खडकी मागे पडते, दापोडीचा पूल लागतो, आणि पूल ओलांडला की कारखान्यांची रांग सुरू होते. पिंपरीला पेनिसिलीनचा सरकारी कारखाना १९५४ साली स्थापन झाला. १९६६ मध्ये टेल्कोने इथे आपला पसारा मांडायला सुरुवात केली. आकुर्डीला स्कूटर बनू लागल्या. पुढे भोसरीवरून नाशिकच्या रस्त्याने सरकत सरकत कारखाने चाकणच्या माळावर जाऊन पोचले. आज खेड, मावळ, हवेली या तालुक्यांत लेथवर, मिलिंगवर किंवा असेंब्लीच्या पट्ट्यावर उभा राहणारा मुलगा नाही असे गाव शोधूनच काढावे लागेल. तेव्हा यंत्राची गोष्ट सांगायला याहून चांगली मंडळी मला कुठे मिळणार?

आकुर्डीच्या त्या पहिल्या स्कूटरचे मूळ इटलीतले, हे तुमच्यापैकी पुष्कळांना ठाऊक असेल. पिआजिओ नावाच्या इटालियन कंपनीच्या परवान्याने ती इथे बनू लागली. आणि ही पिआजिओ आधी काय बनवीत होती? विमाने. दुसऱ्या महायुद्धात तिचे कारखाने बाँबखाली सापडले, युद्ध हरले, विमानांना गिऱ्हाईक उरले नाही, तेव्हा कोर्रादिनो द'अस्कानिओ नावाच्या विमानांच्याच इंजिनियराने १९४६ साली ही दुचाकी काढली. वेस्पा ती हीच. म्हणजे लढाईच्या कारखान्यातले डोके आपल्या दारात आले ते दूध-भाजी वाहायला.

पण आज मी सांगणार आहे ती गोष्ट याच्या उलट वाटेची आहे. आगगाडीची इंजिने बनवणारा एक इटालियन कारखाना दोन महायुद्धांच्या मधल्या काळात स्वतःची मशीनगन बनवू लागला. त्या मशीनगनशी आपल्या मराठी माणसांची गाठ पडली ती आफ्रिकेतल्या एका डोंगरावर, १९४१ साली. कारखान्याचे नाव ब्रेडा.

थोडे मागे जाऊ या. पहिल्या महायुद्धात इटली १९१५ साली उतरली, तेव्हा तिच्या फौजेची मुख्य मशीनगन होती फियाट-रेव्हेली, १९१४ च्या नमुन्याची. फियाट म्हणजे तीच, मोटारीवाली. बंदूक पाण्याने गार होणारी. नळीभोवती पाण्याचे वेष्टन, खाली तिपाई. बंदूक नि तिपाई मिळून वजन मणाच्या घरात. आल्प्सच्या बर्फातून हे धूड खांद्यावर न्यायचे. शिवाय रेव्हेली या कारागिराची आणखी एक करामत होती, दोन नळ्यांची छोटी बंदूक. ती विमानासाठी काढलेली, पण पायदळाच्या गळ्यात पडली. ती इतक्या वेगाने गोळ्या ओकायची की पंचवीस काडतुसांचे मॅगझिन एका श्वासात रिकामे. ऑक्टोबर १९१७ मध्ये कापोरेत्तो येथे इटालियन फौजेची मोठी दाणादाण उडाली आणि सुमारे तीन हजार मशीनगन शत्रूच्या हाती गेल्या. युद्ध अखेर इटलीने जिंकलेल्या बाजूला राहून संपवले खरे, पण तिच्या सेनापतींना एक गोष्ट पटली होती. जी बंदूक एका माणसाला उचलून पळता येईल, पोटावर पडून झाडता येईल, अशी हलकी मशीनगन प्रत्येक छोट्या तुकडीजवळ हवी.

इथपर्यंत सगळे शहाणपणाचे आहे. सगळ्या देशांच्या फौजा त्या दहा-पंधरा वर्षांत हेच शोधीत होत्या. मग इटलीचेच घोडे कुठे अडले?

ब्रेडा ही मिलानची कंपनी, रेल्वेची इंजिने बनवण्यात नावाजलेली. पहिल्या महायुद्धात फियाटच्या मशीनगनची मागणी इतकी वाढली की त्यांचे काम ब्रेडालाही वाटून द्यावे लागले. दुसऱ्याच्या नकाशावरून बंदूक बनवता बनवता ब्रेडाला वाटू लागले की आपणही आपली बंदूक काढू शकतो. यात हसण्यासारखे काही नाही. आपली टेल्को १९४५ साली जमशेटपूरला निघाली ती रेल्वेची इंजिने बनवायलाच. ट्रक तिने पुढे १९५४ पासून काढले आणि चांगले काढले. धंदा बदलणे हा दोष नव्हे. १९२४ च्या सुमारास ब्रेडाने आपली पहिली हलकी मशीनगन फौजेपुढे ठेवली. फियाटनेही आपली ठेवली. दोघांची काही वर्षे चुरस चालली, नमुने सुधारले गेले, शेवटी ब्रेडाची सरशी झाली आणि १९३० साली तिचा नमुना फौजेने स्वीकारला. ब्रेडा-३० म्हणतात ती हीच. पुढे फियाटने आपला बंदुकांचा कारखानाच ब्रेडाच्या हवाली केला. म्हणजे चुरस संपली, आणि चुरशीबरोबर बरोबरीच्या कारागिराची टीकाही संपली.

आता बंदुकीच्या पोटात डोकावू या. शिक्षक बंधुभगिनींना हा भाग वर्गात फळ्यावर काढून दाखवता येईल.

काडतूस म्हणजे पितळेची पुंगळी. तिच्या तोंडात गोळी, पोटात दारू, बुडात ठिणगीची टोपी. घोडा दाबला की दारू पेटते, तिचा वायू होतो, आणि तो प्रचंड दाबाने गोळीला नळीतून पुढे ढकलतो. पण दाब काय फक्त पुढे जातो? तो पुंगळीच्या भिंतींनाही फुगवतो. नळीच्या बुडाशी काडतूस बसण्याचे जे घर असते, त्या घराच्या भिंतीला पुंगळी क्षणभर घट्ट चिकटून बसते. मशीनगनला ही रिकामी पुंगळी मागे ओढून बाहेर टाकायची असते, नवे काडतूस आत सारायचे असते, आणि हे सगळे सेकंदाला सात-आठ वेळा.

तुम्ही जनावराचा खुंटा उपटता तेव्हा काय करता? घट्ट ठोकलेला खुंटा एकदम हिसडून वर ओढला तर तो येत नाही. आलाच तर डोके तुटून हातात येते. आपण तो आधी इकडेतिकडे हलवून ढिला करतो आणि मग ओढतो. चांगल्या बंदुकीत अगदी हीच युक्ती असते. बोल्ट प्रथम सावकाश, पण जोराने किंचित मागे सरतो, पुंगळी घरातून ढिली होते, आणि मग झपाट्याने ओढली जाते. ब्रेडा-३० च्या रचनेत ही पहिली ढिली करण्याची पायरीच नव्हती. गोळी सुटली की बोल्ट पुंगळीला सरळ हिसडा मारी. पुंगळी कधी फाटे, कधी अडके.

यावर दोन उपाय होते. एक, रचना बदलणे. दुसरा, खुंट्याला तेल लावणे. ब्रेडाच्या लोकांनी दुसरा घेतला. बंदुकीच्या डोक्यावर तेलाची एक छोटी टाकी आणि पंप बसवला. प्रत्येक काडतूस आत जाताना त्यावर तेलाचा थेंब पडे, आणि तेलकट पुंगळी घराच्या भिंतीला चिकटत नसे. जुन्या फियाट-रेव्हेलीतही असाच तेलाचा पंप होता. म्हणजे घरची जुनी रीतच पुढे चालवली, असे म्हणायला हरकत नाही.

कारखान्याच्या आवारात, फरशी घातलेल्या चाचणीच्या जागी, ही बंदूक छान चालली असेल. तेल ताजे, हवा स्वच्छ, बंदूक धुतलेली-पुसलेली. पण लढाई फरशीवर होत नाही. बैलगाडीच्या आसाला वंगण घालणारा कोणताही शेतकरी सांगेल, की वंगण आणि धूळ यांची गाठ पडली की काय होते. काळा चिकट लगदा होतो. आणि कारखान्यातल्या मुलांना तर याहून नेमके ठाऊक आहे. व्हॉल्व्ह घासून बसवताना आपण बारीक कुरुंद तेलात कालवून त्याची पेस्ट लावतो. तेल आणि वाळू म्हणजे घासण्याचे औषध! ब्रेडा-३० झाडणारा शिपाई अशी पेस्ट दर गोळीमागे आपल्या बंदुकीच्या घरात स्वतःच्या हाताने भरीत होता.

धूळ आत यायला वाटाही होत्या. मॅगझिनच्या वरच्या बाजूला एक फट ठेवली होती, किती काडतुसे उरली ते दिसावे म्हणून. सोय चांगली, पण त्या फटीतून काडतुसे दिसत तशी धूळही आत जाई. आणि हे मॅगझिन बंदुकीलाच कायमचे जोडलेले होते. ते उजव्या बाजूला, बिजागरीवर पुढे उघडणारे. रिकामे झाले की ते उघडायचे, वीस काडतुसांची पट्टी त्यात सारायची, पट्टी ओढून काढायची, मॅगझिन मिटायचे, की पुन्हा वीस गोळ्या. डोक्यावरून गोळ्या जात असताना, पोटावर पडून, घामेजल्या बोटांनी. मॅगझिन काढता येत नसल्यामुळे आणखी एक अनर्थ होता. त्याच्या पत्र्याला पोचा आला, ते वाकले, की सबंध बंदूक निकामी. सुटे मॅगझिन असते तर ते फेकून दुसरे लावता आले असते.

याच सुमारास दुसरीकडे काय चालले होते, तेही पाहू. चेकोस्लोव्हाकियातील ब्रनो या गावच्या कारखान्याने १९२६ साली एक हलकी मशीनगन काढली. ब्रिटिशांनी ती आपल्या काडतुसाला जुळवून एनफिल्डच्या कारखान्यात बनवली. ब्रनोचे ‘ब्र’ आणि एनफिल्डचे ‘एन’ मिळून नाव झाले ब्रेन. हिंदी फौजेने त्याआधीच, १९३३ साली, व्हिकर्स-बर्थिये नावाची जवळजवळ तशीच दिसणारी मशीनगन घेतली होती. ती बंगालमध्ये इशापूरच्या कारखान्यात बनू लागली. दोन्हींना वर बसवायचे सुटे, बाकदार मॅगझिन. आणि दोन्हींना तेलाचा पंप नाही, कारण त्यांना त्याची गरजच नव्हती. ब्रेनच्या नळीला लाकडी मुठीचा दांडा होता. त्या दांड्याने बंदूक उचलून पळायचे, नळी तापली की त्याच दांड्याने ती काढायची आणि दुसरी बसवायची. ब्रेडा-३० ला उचलायला धड मूठच नव्हती. साडेदहा किलोची बंदूक, तीही तापलेली. नळी बदलता येत असे, पण तापलेली नळी धरायची कशाने, हा ज्याचा त्याचा प्रश्न.

एका दांड्याची ती काय किंमत? पण कुणीतरी आधी विचारलेले असते, ‘बाबा रे, तापल्यावर हे धरणार कुठे?’, आणि ज्याला विचारले त्याने खरे उत्तर दिलेले असते. ब्रेडाच्या बाबतीत तसे विचारलेले दिसत नाही. माझे मत विचाराल तर या साऱ्या गोष्टीतले मर्म इथे आहे.

१९२२ पासून इटलीवर मुसोलिनीचे राज्य होते. ऐंशी लाख संगिनींची त्याची बढाई जगाला ठाऊक आहे. जिथे बढाईला मोल चढते तिथे ‘साहेब, हे यंत्र अडकते’ असे सांगणाऱ्याला बहुधा बढती मिळत नाही. १९३५-३६ साली इटलीने एबिसीनियावर, म्हणजे आजच्या इथिओपियावर, चढाई केली. ती आफ्रिकेतल्या धुळीची लढाई. पाठोपाठ १९३६ ते १९३९ इटालियन फौजा स्पेनच्या यादवी युद्धात उतरल्या. दोन युद्धे, पाच वर्षे. शिकायला वेळ पुरेसा होता. तरीही १० जून १९४० रोजी मुसोलिनीने महायुद्धात उडी घेतली तेव्हा इटालियन शिपायाच्या हाती हीच बंदूक होती, आणि १९४५ पर्यंत हीच राहिली.

इटलीने मधल्या काळात काहीच केले नाही असे मात्र म्हणता येणार नाही. १९३५ साली जड मशीनगनसाठी आठ मिलिमीटरचे नवे, जोरकस काडतूस ठरवले गेले. जुन्या फियाट-रेव्हेलीचे पाण्याचे वेष्टन काढून, तिला पट्टा लावून ती या काडतुसासाठी बदलली. हा उपाय रोगापेक्षा वाईट ठरला. नळी लवकर तापे, आणि झाडणे थांबले की आत बसलेले काडतूस तापल्या तव्यावरच्या लाहीसारखे आपोआप फुटे. घोडा न दाबता गोळी सुटे! समोर शत्रूच असेल याचा काय भरवसा?

मग १९३७ साली ब्रेडाने स्वतःची नवी जड मशीनगन काढली. ही ब्रेडा-३७ मात्र चांगली निघाली. बंदूक नि तिपाई मिळून अडतीस किलोंच्या आसपास, पण दणकट आणि भरवशाची. एक लहर तिच्यातही होतीच. वीस काडतुसांची एक पत्र्याची तबकडी एका बाजूने आत जाई, आणि बंदूक प्रत्येक गोळी झाडून रिकामी पुंगळी पुन्हा त्याच तबकडीत जागच्या जागी नीट ठेवून देई. पाहणाऱ्याला वाटावे, काय ही टापटीप! पण तबकडी पुन्हा भरायची तर आधी त्या वीस रिकाम्या पुंगळ्या एकेक करून उपसायच्या. तरीही शिपायांना ही बंदूक आवडे. पोर्तुगालनेही ती विकत घेतली आणि आपल्या आफ्रिकेतल्या लढायांत ती पुष्कळ वर्षे वापरली. तेच इंजिनवाले, तोच कारखाना. सात वर्षांत त्यांना भरवशाची बंदूक साधली. कसब नव्हते असे म्हणायला म्हणूनच जीभ रेटत नाही.

पण या नव्या काडतुसाने एक वेगळीच गुंतागुंत झाली. शिपायाच्या रायफलीला आणि हलक्या ब्रेडाला साडेसहा मिलिमीटरचे काडतूस, जड मशीनगनला आठ मिलिमीटरचे. १९३८ मध्ये रायफलीचे काडतूस बदलून सात पूर्णांक पस्तीस करायचे ठरले, थोड्या रायफली तशा बनल्या, आणि युद्ध तोंडावर आल्यावर तो बेत सोडून पुन्हा साडेसहावर यावे लागले. डोंगरात खेचरांच्या पाठीवरून दारूगोळा वाहणाऱ्या माणसाला विचारा, दोन जातींची काडतुसे सांभाळणे म्हणजे काय. शिधा पोचतो पण चुकीच्या गोदामाचा, तशी गत.

आपल्या बाजूला रायफल, हलकी मशीनगन आणि जड मशीनगन या तिन्हींना एकच काडतूस चाले, तीनशे तीनचे. ते कुठे बनत होते? मघाशी दापोडीच्या पुलाआधी जी खडकी मागे टाकली तिथेही. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासूनचा. पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांचा हा पणजोबाच म्हणायचा.

याच खडकीत मुंबई सॅपर्सचे, म्हणजे सुरुंग लावणाऱ्या, पूल बांधणाऱ्या पलटणींचे ठाणे आहे. १९४१ च्या जानेवारीत सुदानमधून हिंदी फौजा इटलीच्या आफ्रिकेतल्या मुलखात शिरल्या, तेव्हा मुंबई सॅपर्सच्या एकविसाव्या कंपनीचा एक तरुण अधिकारी, सेकंड लेफ्टनंट प्रेमिंद्र सिंग भगत, वाटेवरचे सुरुंग काढीत पुढे निघाला. चार दिवस, पंचावन्न मैल, पंधरा सुरुंगक्षेत्रे. दोनदा त्याची गाडी खालून उडाली, कानाचे पडदे फाटले, तरी तो थांबला नाही. त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

त्याच सुमारास उत्तरेकडे, एरिट्रियात, चौथी आणि पाचवी हिंदी डिव्हिजन केरेनच्या डोंगरांपाशी येऊन अडकल्या होत्या. अस्मारा या राजधानीकडे जाणारा रस्ता एका अरुंद खिंडीतून जातो. डाव्या हाताला सांचिल, उजव्या हाताला दोलोगोरोदोक. दोन्हींकडे उभे कडे, दगडांचे ढीग, काटेरी झुडपे. वर इटालियन आणि त्यांचे एरिट्रियन शिपाई, खाली आपण. चाकणच्या श्रोत्यांना गडाखाली उभे राहणे म्हणजे काय हे समजावून सांगायला नको. १६६० साली फिरंगोजी नरसाळ्यांनी तुमचा भुईवरचा संग्रामदुर्ग शाइस्तेखानाच्या अफाट फौजेपुढे जवळजवळ दोन महिने लढवला होता. भुईकोट किल्ल्याची ही कथा, तर डोंगरावरच्या ठाण्याची काय असेल? फेब्रुवारीत केरेनवर केलेले हल्ले फसले.

१५ मार्च १९४१ रोजी पुन्हा चढाई झाली. सकाळचा हल्ला उन्हात आणि गोळीबारात खिळून राहिला. संध्याकाळी पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची तिसरी बटालियन, लेफ्टनंट कर्नल रीड यांच्या हुकमतीखाली, दोलोगोरोदोकच्या वाटेवरचा एक सुळका घ्यायला निघाली. इंग्रजांनी त्याला नाव दिले होते ‘पिनॅकल’. पलटणीतली माणसे कोण? सातारा, कोल्हापूर, रत्नागिरी, पुणे या जिल्ह्यांतली शेतकऱ्यांची मुले. चढणे त्यांना नवे नव्हते. पण इथे वरून मशीनगन चालत होत्या आणि हातबाँब उतारावरून घरंगळत येत होते. अंधार पडता पडता मराठ्यांनी तो सुळका घेतला. शेजारचा दुसरा सुळका फ्रंटियर फोर्सच्या पलटणीने घेतला, त्या वाटेने वेस्ट यॉर्कशायरचे गोरे शिपाई रात्रीतून वर चढले, आणि १६ तारखेच्या सकाळी दोलोगोरोदोकचा किल्ला हातात आला. ‘बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय’ ही रेजिमेंटची रणगर्जना याच आफ्रिकेच्या मोहिमेत प्रथम घुमली, असे मराठा पलटणीत सांगतात.

आता कुणी म्हणेल, बंदूक जर इतकी सदोष, तर हा डोंगर घ्यायला इतके दिवस का लागले? प्रश्न बरोबर आहे, आणि म्हणूनच त्या बंदुकीची थट्टा करून पुढे जाता येत नाही. दगडांच्या आडोशाला पक्की मांडलेली, जवळ काडतुसांचा साठा, शेजारी तेलाचा डबा घेऊन बसलेला माणूस, समोर चढून येणारी उघडी माणसे. अशा जागी सदोष बंदूकही जीव घेते. तिचे दोष बाहेर येतात ते हलावे लागले म्हणजे. दोलोगोरोदोक गमावल्यावर इटालियन फौजेने तो परत घेण्यासाठी हल्ल्यामागून हल्ले केले. आता वर चढण्याची, धापा टाकीत, धुळीतून बंदूक ओढीत नेण्याची पाळी त्यांची होती. १७ मार्चला अशाच धुमश्चक्रीत त्यांचा जनरल लोरेंझिनी मारला गेला. लढले ते जिवाच्या कराराने. मुसोलिनीच्या फौजेबद्दल पुढे जे विनोद पिकले ते केरेनला लढलेल्या कुणी सांगितलेले नसावेत.

२७ मार्च १९४१ रोजी केरेन पडले. आपल्या बाजूचे पाचशेहून अधिक ठार आणि तीन हजारांहून अधिक जखमी. इटालियन बाजूचे मृत्यू याच्या कितीतरी पट. १ एप्रिलला अस्मारा हाती आले. केरेनला आजही दोन्ही बाजूंची स्मशाने आहेत. एकीकडे इटालियन दफनभूमी, तिच्यात लोरेंझिनीची कबर. दुसरीकडे राष्ट्रकुलाची दफनभूमी, आणि तिथेच, ज्यांचे दहन झाले त्या हिंदू-शीख शिपायांची नावे कोरलेले स्मारक.

शिक्षकांना एक सुचवतो. दुसऱ्या महायुद्धातल्या शिपायांना जी पदके मिळाली त्यांत आफ्रिका स्टार नावाचे सहा टोकांचे पितळी रंगाचे पदक आहे. त्याची फीत वाळूच्या रंगाची. मधोमध रुंद लाल पट्टा, त्याच्या एका बाजूला गडद निळी आणि दुसऱ्या बाजूला फिकट निळी रेघ. उत्तर आफ्रिकेतल्या शिपायांना ते मिळाले तसे एरिट्रिया-एबिसीनियाच्या मोहिमेतल्यांनाही मिळाले. तुमच्या शाळेतल्या मुलांना सांगा, घरी आजी-पणजीच्या ट्रंकेत, देव्हाऱ्याच्या खणात, जुन्या कागदांच्या पुडक्यात असे काही आहे का ते विचारून या. असले तर फीत सूर्यप्रकाशात नेऊन नीट पाहा, रंग ओळखा. मग कोणती पलटण, कोणती बटालियन, हे पेन्शनच्या जुन्या कागदावर मिळते का ते बघा. तिसरी बटालियन निघाली, तर नकाशात तांबड्या समुद्राजवळ अस्मारा शोधायला लावा आणि तिथून वायव्येला बोट सरकवायला सांगा. केरेन फार लांब नाही.